रिकाम्या जागेशेजारचा ऊस

नॉरिस फोल्सने बायकोशी लावलेली पैज निकाली निघायची वेळ आली, तेव्हा नॉरिस स्वतः गैरहजर होता. मार्चमधल्या एका सकाळी तो बुटाची नाडी बांधायला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसला आणि तसाच पुढे कलंडला. एल्मिराने सिंकपासून मागे वळून पाहिलं, तेव्हा तिला वाटलं, हा टेबलाखाली काहीतरी शोधतोय. "काय हरवलं?" असं तिने विचारलंसुद्धा.

आता ऑक्टोबर संपत आला होता. बायूच्या, म्हणजे गावाकडेच्या संथ ओढ्याच्या, दोन्ही काठांनी ऊसतोड जोरात सुरू होती. कारखान्यांची धुराडी थांबत नव्हती, रस्त्यावर ट्रकांतून सांडलेल्या कांड्या चाकांखाली चिरडल्या जात होत्या, हवेला मळीचा वास होता. आणि संशोधन केंद्राच्या मागच्या वावरात आज निवडीची फेरी होती.

या फेरीत फार काही नसतं. सगळ्यांनी मिळून नव्या उसांच्या तुकड्यांमधून चालायचं, प्रत्येकासमोर थांबायचं, त्याचे आकडे ऐकायचे, ऊस डोळ्यांनी बघायचा, आणि मग एकाच माणसाने मोठ्याने बोलायचं, 'ठेवा' किंवा 'काढा'. ठेवलेला ऊस पुढच्या परीक्षेला जातो. काढलेला त्याच आठवड्यात नांगराखाली जातो आणि जगात कुठेच उरत नाही, कारण त्याचं बेणं दुसरीकडे नसतंच. 'बघू' हा शब्द तिथे चालत नाही. हजारो रोपांतून बारा वर्षांनी एखादा वाण शेतकऱ्याच्या हाती द्यायचा असतो. बघू बघू करत बसलं तर वावर पुरणार नाही आणि आयुष्यही.

तो शब्द बोलायचा मान इतकी वर्षं नॉरिसचा होता. मार्चपासून तो एल्मिराकडे आला होता. आणि आजच्या तुकड्यांत एकशे बारा नंबरचा तुकडा होता, ज्याला मार्चपर्यंत सगळे 'नॉरिसचा ऊस' म्हणायचे आणि मार्चनंतर घाईघाईने 'एकशे बारा' म्हणू लागले होते. तो ठेवायचा की काढायचा, हे आज तिला सांगायचं होतं.

त्या उसाची गोष्ट अशी. तीन वर्षांपूर्वी सप्टेंबरात नवरा-बायको रोपांच्या वावरात निवड करत होते. तिथे प्रत्येक रोपाचं बेट वेगळं असतं. एकाच आईबापांची सख्खी भावंडं शेजारी शेजारी उभी असतात, पण एक बांबूसारखं जाड, दुसरं काडीसारखं, तिसरं जमिनीवर लोळलेलं. उसाच्या पोटात गुणांची इतकी सरमिसळ असते की कुणात काय उतरेल ते सांगता येत नाही. नॉरिस कोयता घेऊन पुढे चालायचा, आवडलेल्या बेटाचा एक ऊस तोडून आडवा टाकायचा. एल्मिरा मागून येऊन रसाचा थेंब काचेवर घ्यायची, ब्रिक्स, म्हणजे रसातला साखरेचा अंश, वाचायची आणि बहुतेक वेळा नाक मुरडायची. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती आणि त्यातला बराचसा संसार या सऱ्यांमध्येच झाला होता.

त्या दिवशी नॉरिस एका बेटासमोर थांबला तो हलेचना. बेट खरंच देखणं होतं. फुटवे भरपूर, ऊस सरळ, शेंड्याला हिरवागार वाढा. पण त्याच्या शेजारचं रोप लहानपणीच मेलेलं होतं आणि ती जागा रिकामी पडली होती. उसात अशा नांग्या पडल्या की शेजारच्या बेटाचं फावतं, हे केंद्रातल्या झाडूवाल्यालाही ठाऊक आहे. दुसऱ्याच्या वाटचं ऊन, पाणी, खत सगळं त्यालाच मिळतं आणि ते माजतं. म्हणून नियम असा की रिकाम्या जागेशेजारचं बेट कितीही गोजिरं दिसलं तरी त्याला हात लावायचा नाही.

"सोड ते," एल्मिरा म्हणाली होती. "शेजारी मोकळं आहे, दिसत नाही का?"

"मोकळं उत्तरेला आहे," नॉरिस म्हणाला. "ऊन येतं दक्षिणेकडून. उत्तरेच्या मोकळ्या जागेचा त्याला काय उपयोग?"

"मुळं दिशा विचारून जात नाहीत, नॉरिस."

"तू आकडेच बघ. मी ऊस बघतो. हा रक्ताचाच चांगला आहे."

"अर्धा रक्ताचा, अर्धा जागेचा. आणि वजनाचं विचारशील तर अर्धासुद्धा रक्ताचा नाही. ब्रिक्स पुढे उतरतो, जाडी उतरते, वजन नाही उतरत. हे मी तुला लग्नाआधीपासून सांगतेय."

"लग्नाआधी तू बरंच काही सांगायचीस. गोड बोलायचीस तेव्हा."

मागे उभा असलेला लॉवेल, म्हणजे त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं काम करणारा मजूर, फिदीफिदी हसला. त्याच्या साक्षीने तिथेच पैज लागली. हा ऊस खोडव्याची, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या पिकाची, परीक्षा पास झाला तर एक नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या दिवसाआधी फोल्स घराण्याची सगळी थडगी एल्मिराने एकटीने चुन्याने रंगवायची. नापास झाला तर नॉरिसने. एरवी दरवर्षी ते काम दोघं मिळून करत आणि दरवर्षी त्यावरून भांडत. चुना दाट कुणी केला, घरातून ब्रश कुणी विसरला, हे भांडण ठरलेलं होतं.

नॉरिसचा रक्तावर विश्वास होता तो घरापासूनच. "माझे आजोबा चौऱ्याण्णवला गेले," तो छातीवर थाप मारून सांगायचा, "पॉप, माझे वडील, ऐंशी ओलांडून अजून ट्रॅक्टरवर चढतात. आमच्या घराण्यात काळीज वारशाने येतं." त्यावर एल्मिरा म्हणायची, "अरे बाबा, वारशाचा आकडा अख्ख्या वावराचा असतो, एका उसाचा नसतो." हे ती उसाबद्दलच म्हणत होती. पण मार्चनंतर ते वाक्य तिच्या डोक्यात पुन्हा पुन्हा येई. येई आणि काहीही न करता निघून जाई.

कारण तिला काही वाटतच नव्हतं. दाताच्या डॉक्टरने भूल दिल्यावर ओठ आपला आहे की परक्याचा ते कळत नाही, तसं तिचं सगळं अंग झालं होतं. अंत्यविधीला आलेल्या प्रत्येकाला तिने एकाच सुरात 'आलात, बरं वाटलं' म्हटलं. शेजारणींनी आणलेले गम्बो रश्श्याचे डबे फ्रीजरमध्ये नीट रचले आणि रोज एक काढून गरम करून खाल्ला. पुढच्या सोमवारी ती कामावर हजर होती. रात्री झोपही लागायची. आपल्याला झोप लागते याचीच तिला कधीकधी भीती वाटायची.

मागच्या आठवड्यात खोडव्याचे आकडे आले. एकशे बारा तिसऱ्या वर्षाला पुरता उघडा पडला होता. पहिल्या लागणीला तो बरा होता, पण खोडव्याला फुटवे अर्ध्यावर आले, वजन तुलनेसाठी लावलेल्या जुन्या वाणापेक्षा कितीतरी खाली. साखर तेवढी ठीक. एल्मिराने आकडे तीन वेगवेगळ्या रीतींनी मांडून बघितले. नुसती साखर धरली. ओल्या कोपऱ्यातला तुकडा वगळला. हाताखालच्या एखाद्या शिकाऊ मुलाने असं काही मांडलं असतं तर तिने त्याला खोलीबाहेर काढलं असतं. कुठूनही बघितलं तरी एकशे बारा नापास होता आणि पैज तिने जिंकली होती. हरायला मिळावं एवढीच तिची इच्छा होती, आणि तेवढीही पुरी होत नव्हती.

सकाळी फेरी सुरू व्हायच्या आधी केंद्राचे प्रमुख वॉर्ड टूप्स तिला बाजूला घेऊन गेले. गलेलठ्ठ, मनाने मऊ माणूस.

"एल्मिरा, एकशे बाराचं... हे बघ, अजून एक वर्ष ठेवला तर कुणी काही म्हणणार नाही. चार सऱ्या तर आहेत. मीच सही करतो."

"कशाच्या आधारावर?"

"आधार कसला मागतेस? सगळ्यांना माहितेय."

"काय माहितेय?"

टूप्सनी कॉफीचा कप दुसऱ्या हातात घेतला. तेवढ्यात फाटकातून जुनी पांढरी पिकअप आत आली. त्यातून टोपी सावरत उलिस फोल्स उतरला. नॉरिसचा बाप. पंचाऐंशीचा, ताठ, आयुष्यभर ऊस पिकवलेला. शेत आता पुतण्याकडे होतं, पण जीभ अजून त्याचीच चालायची. गेले सहा महिने दर रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर त्याने येईल त्याला सांगितलं होतं की माझ्या पोराचा ऊस येतोय. वाणाला नाव नसतं, नुसता नंबर असतो, हे त्याला पक्कं माहीत होतं. तरी लोक 'फोल्सचा ऊस' म्हणतील, अशी त्याची खात्री होती.

"बोलावलं नाही तरी आलो," तो म्हणाला. "हाकलायचं असेल तर आत्ताच हाकल."

"या ना पॉप," एल्मिरा म्हणाली. "दव आहे, बूट भिजतील."

"माझे बूट तुझ्या नवऱ्याच्या आधीपासून भिजतायत."

फेरी सुरू झाली. लॉवेल आकडे वाचत होता, एल्मिरा शब्द बोलत होती. काढा. काढा. ठेवा. काढा. तिचा आवाज सपाट होता आणि काम झपाझप होत होतं. दोन सऱ्यांच्या मधे लॉवेल हळूच म्हणाला, "मिस एल्मिरा, दोघांचं काम एकटीने ओढलंत या वर्षी. नॉरिसपेक्षाही जोरात. कुठून आणलंत एवढं बळ, देव जाणे."

हे तिला सगळेच सांगत होते. चर्चमध्ये, दुकानात, फोनवर. किती खंबीर आहेस तू. किती सावरलीस. ती चालता चालता थांबली. बळ कसलं? शेजारची जागा रिकामी झाली होती. त्याचं काम, त्याचे फोन, पलंगाचा त्याचा अर्धा भाग, सगळं तिच्या वाट्याला आलं होतं आणि ती त्यात पसरली होती. बघणाऱ्याला वाटावं, काय तरारून आलंय बेट! यातलं काहीच तिचं नव्हतं आणि यातलं काहीच टिकणार नव्हतं. तिला हे एखाद्या तिसऱ्याच बाईबद्दल कळावं तसं कळलं. मग ती पुढे निघाली.

एकशे बारासमोर सगळे थांबले. उसाचा निम्मा भाग लोळला होता. उभे होते ते विरळ होते, मधून पलीकडची सरी दिसत होती. दोन्ही बाजूंना तुलनेचे वाण भिंतीसारखे उभे होते आणि त्यांच्या दाटीत एकशे बारा आपल्या खऱ्या मापाचा झाला होता. लॉवेलने आकडे वाचले, पण इतक्या हळू की टूप्सना ते ऐकूच गेले नसावेत. सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे बघायला सुरुवात केली. उलिसने टोपी काढली आणि हातात धरली.

एल्मिराने उसाकडे बघितलं. काहीतरी वाटेल म्हणून ती क्षणभर थांबलीही.

"काढा," ती म्हणाली.

आधीच्या सगळ्या 'काढा'सारखाच तो होता. लॉवेलने खूण केली.

"एवढंच?" उलिस म्हणाला.

"पॉप, खोडवा बघताय ना."

"खोडवा मला शिकवू नकोस. तू जन्मायच्या आधी मी खोडवे ठेवलेत. चार सऱ्या! चार सऱ्यांनी कारखाना बुडणार होता का तुमचा?" त्याचा आवाज चढला. "त्याने निवडलेला शेवटचा होता तो. त्याच्या हातचा. अन् तू तो असा काढतेस, जसा... तुला जिंकायचं होतं. बोल की खरं. तुला पैज जिंकायची होती."

"मिस्टर उलिस," टूप्स म्हणाले, "अहो, असं कसं..."

"तू गप रे वॉर्ड. मी माझ्या सुनेशी बोलतोय."

एल्मिराला उत्तर द्यायचं होतं. आपल्याला राग यायला हवा, असंही तिला वाटून गेलं. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "हो पॉप. जिंकले मी."

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने वाकून लोळलेल्या उसातला एक ओढला, गुडघ्यावर मोडला आणि अर्धा तुकडा काठीसारखा हातात घेऊन सरी तुडवत पिकअपकडे गेला. काढलेला ऊस कुणीही न्यावा, खावा, ही तिथली जुनी पद्धत होती, त्यामुळे त्याला कुणी अडवलं नाही. एल्मिरा एकशे तेरासमोर जाऊन उभी राहिली.

दोन दिवसांनी नांगर फिरला. ती ऑफिसच्या खिडकीशी होती, पण त्या वेळी तिला फोन आला आणि तो घेऊन होईपर्यंत वावर काळं, सपाट झालं होतं. उलिसचा काही निरोप नव्हता. रविवारी चर्चमध्ये तो दोन बाकं पुढे बसला आणि शेवटची प्रार्थना संपायच्या आत उठून गेला. गावात बोलणं पसरलं असणारच. दुकानातली बाई तिला सुटे पैसे देताना नको तितकी हळू बोलली.

सर्व संतांचा दिवस उद्यावर येऊन ठेपला. उद्या सकाळी फादर पवित्र पाणी शिंपडत थडग्यांमधून फिरणार, त्याआधी सगळ्यांची थडगी पांढरी झालेली हवीत. पैज तिने जिंकली होती, आणि हरलेला चौथ्या थडग्यात होता. म्हणजे काम तिलाच करायचं होतं, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. तिने गॅरेजमधून चुन्याची पिशवी, बादली आणि ब्रश काढले. ब्रश दोन होते. तिने दोन्ही घेतले, मग एक परत ठेवला.

दफनभूमी बायूच्या कडेला होती. जमिनीखालचं पाणी अगदी वरच असल्याने तिथे कुणाला जमिनीत पुरत नाहीत, विटांची थडगी जमिनीवर बांधतात. बायका-पोरं बादल्या घेऊन आधीच कामाला लागली होती. एक म्हातारी आपल्या नवऱ्याच्या थडग्याला तारेच्या ब्रशने घासता घासता त्याला शिव्या देत होती. एल्मिरा फोल्सांच्या कोपऱ्याकडे वळली आणि थांबली.

तीन थडगी पांढरी झाली होती. चौथ्यासमोर उलिस एका गुडघ्यावर टेकून बसला होता. टोपी जमिनीवर, पाठ घामाने ओली, कोपरापर्यंत चुना. शेजारी एक घडीची खुर्ची उघडून ठेवली होती आणि ती रिकामी होती.

"पॉप, हे काय चाललंय? उठा आधी."

"का?" त्याने वळूनही बघितलं नाही. "हरला ना तो?"

"हो, पण..."

"पण काय? फोल्स लोक पैज बुडवत नाहीत. त्याला जमणार नाही, तर बापाने फेडायची. यात अवघड काय आहे?"

"तुम्हाला गुडघा वाकत नाही. द्या तो ब्रश."

"हात लावशील तर बघ." त्याने ब्रश छातीशी धरला. "जिंकलेल्याने बसायचं. खुर्ची कशाला आणलीय मी?"

ती उभीच राहिली. त्याने दोन-तीन फटकारे मारले, मग दम घ्यायला थांबला.

"चावून बघितला मी तो," तो म्हणाला. "गाडीतच. गोड होता. पण आतून पोकळ. माझ्या शेतात असता तर पहिल्याच वर्षी काढला असता." ब्रश बादलीत बुडवत तो म्हणाला, "त्या दिवशी सरीतच दिसलं होतं मला. सगळं दिसत होतं. तुला बोललो ते... जाऊ दे. बस."

एल्मिरा खुर्चीत बसली. बादली मांडीवर घेऊनच बसली, मग तिने ती खाली ठेवली. उलिसच्या डोळ्यांना फारसं दिसत नव्हतं, त्यामुळे चुना पट्ट्यापट्ट्यांनी लागत होता. नावाच्या पाटीखाली हातभर विटा लालच राहिल्या होत्या. नॉरिस असता तर त्यानेही असंच केलं असतं.

"तिथे राहिलं," ती म्हणाली.

"कुठे?"

"नावाखाली. डावीकडे."

त्याने तिथे ब्रश फिरवला. "झालं?"

"त्याच्या खाली. कोपऱ्यात राहिलं."

त्याने कोपरा भरला. ती पुढे सरकून बसली. "वरती राहिलं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "तिथे राहिलं. पॉप, तिथेही राहिलं."

आता थडगं पुरतं पांढरं झालं होतं. कुठेच काही राहिलं नव्हतं. तरी ती बोट दाखवत होती, "तिथे राहिलं, तिथे," आणि तिला पुढचं काही दिसत नव्हतं, नाकातोंडातून पाणी वाहत होतं. शिव्या देणारी म्हातारी तारेचा ब्रश थांबवून इकडे बघत होती. एल्मिरा दाखवेल तिथे उलिस पांढऱ्यावर पांढरं लावत राहिला.